फळ्यावर आलं की झालं

सांगलीत त्यांना त्यांच्या खऱ्या नावानं हाक मारणारं माणूस मला कधी भेटलं नाही. सगळं गाव त्यांना ‘आगामी’ म्हणायचं. तोंडावर ‘आगामीअण्णा’, पाठीमागे नुसतंच ‘आगामी’. आमच्या पेठेतल्या नाट्यगृहाचे ते व्यवस्थापक. नाट्यगृह हा शब्द जरा मोठा झाला. लाकडी खुर्च्या, वर पत्रे, आणि पाऊस जोरात आला की नटांनी बोलायचं थांबून प्रेक्षकांकडे बघत उभं राहायचं, अशी वहिवाट. पण गावानं वर्गणी काढून बांधलेलं होतं, म्हणून सगळे त्याला ‘आपला हॉल’ म्हणायचे. हॉलच्या दाराशी एक मोठा काळा फळा होता. त्यावर ऑइलपेंटनं कायमचं ‘आगामी कार्यक्रम’ रंगवलेलं, आणि त्याखाली दर शुक्रवारी सकाळी अण्णा खडूनं पुढचे कार्यक्रम लिहायचे. अक्षर इतकं देखणं की त्या अक्षरात कुणी नापास झाल्याचं कळवलं असतं तरी माणूस पेढे वाटत सुटला असता.

आता कुणालाही वाटेल की कार्यक्रम आधी ठरतात आणि मग फळ्यावर येतात. अण्णांकडे उलटी तऱ्हा होती. कार्यक्रम आधी फळ्यावर यायचा आणि मग ते तो ठरवायच्या मागे लागायचे.

हे मला इतकं नक्की माहीत असायचं कारण म्हणजे मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंककॉल जोडायला होते. सत्तरच्या आसपासचा काळ. हॉलमध्ये फोन नव्हता, त्यामुळे फळा लिहून झाला की अण्णा तडक आमच्या काउंटरवर यायचे. डोक्याला टोपी, बंद गळ्याचा कोट, आणि कोटाचे दोन्ही खिसे खडूनं पांढरेफटक. कॉल लागेपर्यंत तास गेला तरी बाकावर बसायचे नाहीत. लागला की एवढ्या मोठ्यानं बोलायचे की साताऱ्याला फोनशिवायही ऐकू गेलं असतं.

“हॅलो सातारा! अहो, तुमचं नाटक आहे आमच्याकडं. येत्या शनिवारी.”

पलीकडचे गृहस्थ गडबडायचे. “आमचं? कुणी ठरवलं?”

“फळ्यावर आलंय की ओ.”

“पण आमची तालीमच झालेली नाही.”

“मग करा की. आठ दिवस काय थोडे झाले?”

आणि गंमत म्हणजे ते यायचे! शिव्या देत यायचे, एस.टी.च्या टपावर पेटारे टाकून यायचे, पण यायचे. मी हेडफोन कानाला लावून तोंडावर हात दाबून हसत बसायची. ऑपरेटरनं लाइनवर काय चाललंय ते ऐकू नये असा नियम होता. लाइन नीट लागलीय एवढी खात्री झाली की दूर व्हायचं. अण्णांच्या कॉलची खात्री करायला मला नेहमी पूर्ण तीन मिनिटं लागायची.

अण्णांच्या घरचा हळदीचा व्यापार होता. थोरल्या भावानं त्यांना एकदा अडतीवर बसवलं, तर त्यांनी भावाच्या फळ्यावर पुढच्या आठवड्याचे भाव लिहून ठेवले. दुपारपर्यंत पेठेत हलकल्लोळ. भाऊ म्हणाला, “तू आपला खडू घे आणि हॉलवर जा बाबा.” अण्णा तेच सांगून खूश व्हायचे. वर म्हणायचे, “पण भाव तोच आला ना पुढं? विचारा त्याला.” मी विचारलं नाही. मला त्यांचं म्हणणं खोटं पाडायचं नव्हतं.

सायकलच्या कॅरिअरला त्यांनी एक लहान पाटी उभी बांधली होती. मागून येणाऱ्याला कार्यक्रम वाचता यावेत म्हणून. आणि त्याला पुरतं वाचून व्हावं म्हणून ते चालणाऱ्या माणसाच्याही मागे पडतील इतकी हळू सायकल चालवायचे. त्यांच्यामागे बैलगाड्या, रिक्षा, वैतागलेले मास्तर, अशी वरातच लागायची. एकदा पोलिसानं शिट्टी वाजवून थांबवलं, तर अण्णांनी त्याला पाटी दाखवून विचारलं, “शनिवारी ड्यूटी आहे का तुमची?” नव्हती. शनिवारी तो सहकुटुंब तिसऱ्या रांगेत बसला होता.

आजारी माणसाला भेटायला गेले तर औषधाची चौकशी नाही, डॉक्टरची नाही. उशाशी उभे राहून पुढच्या महिन्याचे कार्यक्रम सांगायचे. मी ज्यांच्याकडे राहायची, त्या मामांचं ऑपरेशन झालं तेव्हाही आले. मामा अर्धवट गुंगीत. अण्णा म्हणाले, “वीस तारखेला कळसूत्री बाहुल्या आहेत. त्याआधी उठायचं.” मामा एकोणीस तारखेलाच घरभर फिरायला लागले. मामी आजही त्याचं श्रेय डॉक्टरांना देत नाही.

दुष्काळाच्या वर्षी तर त्यांनी कमालच केली. फळ्यावर लिहून बसले, ‘भव्य पुष्पप्रदर्शन’. विहिरी कोरड्या, नळाला एकदिवसाआड पाणी, आणि याला फुलं हवीत! लोक फळ्यापुढं उभे राहून हसायचे. प्रदर्शनाच्या दिवशी हॉलमध्ये टेबलं मांडलेली, त्यांवर पांढऱ्या चादरी, आणि फूल एकही नाही. अकराच्या सुमाराला कवठे महांकाळच्या एस.टी.तून एक म्हातारा शेतकरी उतरला. खांद्यावर डालड्याचा डबा आणि डब्यात निवडुंग. निवडुंगाला एकच फूल आलेलं, पिवळंधमक.

“आमच्याकडं एवढंच फुललंय बघा औंदा,” म्हातारा म्हणाला. “चालंल का?”

अण्णांनी तो डबा मधल्या टेबलावर ठेवला, बाकीची टेबलं हलवली, आणि दारात उभे राहून लोकांची रांग लावली. त्या एका फुलासाठी सांगली लोटली होती. मी ड्यूटी संपवून गेले तेव्हा रांग पार कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत आली होती. म्हातारा फुलाशेजारी खुर्चीत बसलेला, बायका त्याला फुलाचं वय विचारत होत्या. त्या वर्षात मी कुठलं लग्नसुद्धा एवढ्या आनंदात पाहिलं नाही.

एक होतं, ठरवलेला कार्यक्रम ते स्वतः कधी बघायचे नाहीत. पडदा वर गेला की हे बाहेर फळ्यापाशी. “आतलं आत होतंय की,” म्हणायचे. “मला पुढचं बघाय पाहिजे.”

हॉलच्या कमिटीचे अध्यक्ष मात्र अगदी दुसऱ्या टोकाचे. फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, साताऱ्याकडचे, सांगलीजवळ उसाची शेती घेऊन राहिलेले. भरदार देह, मिशा, आणि आवाज असा की आख्ख्या सभेनं ताठ बसावं. मी त्यांना लांबून फक्त समारंभात पाहिलेलं. त्यांना वेळ पाळणारी माणसं आवडायची आणि अण्णा वेळेच्या फार पुढं असायचे. त्यांचं आणि अण्णांचं बिनसलं ते त्या कळसूत्री बाहुल्यांवरून. बाहुलीवाले आलेच नाहीत. सुभेदार पाहुण्यांना घेऊन पहिल्या रांगेत बसलेले. अण्णा पडद्यापुढं आले आणि बाहुल्यांऐवजी पुढच्या महिन्यात होणाऱ्या नाटकाची गोष्ट सांगायला लागले. दीड तास, सगळ्यांचे आवाज काढून, शेवटासकट. लोक हसून लोटपोट. पुढच्या महिन्यात नाटकाला दुप्पट गर्दी झाली, कारण अण्णांनी बरोबर सांगितलं होतं का ते सगळ्यांना बघायचं होतं. पण सुभेदार हसले नाहीत. त्यांनी सर्वांसमोर सुनावलं, “फळ्यावरचा आणखी एक कार्यक्रम चुकला, तर हॉलच्या किल्ल्या माझ्या टेबलावर पाहिजेत.”

आणि त्यानंतरच्या शुक्रवारी मी कामावर जाताना फळ्यावर वाचलं, ‘येत्या शनिवारी, सायंकाळी सहा ते नऊ, टेलिफोनच्या बाईंचं भव्य चित्रप्रदर्शन’.

टेलिफोनच्या बाई म्हणजे मी.

मी चित्रं काढायची हे खरं. पण ती फक्त माझ्याबरोबर ड्यूटी करणाऱ्या मैत्रिणीनं पाहिली होती, आणि तिच्या पोटात काही राहत नाही हे मला त्या सकाळी कळलं. चित्रंही कसली, तर आवाजांची. दिवसभर शेकडो माणसं माझ्या कानात बोलायची. त्यांतल्या एखाद्याचा आवाज डोक्यातून जायचाच नाही. मग घरी येऊन मामांच्या माळ्यावर बसून मी कोळशानं त्याचा चेहरा काढायची. मला वाटे तसा. खाली नाव नाही, गाव नाही, फक्त त्याचं एखादं वाक्य. अशी चौदा चित्रं झाली होती. ती लोकांपुढं मांडायची म्हणजे मी लाइनवर ऐकत बसते हे स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं. उद्या कुणी तक्रार केली तर नोकरी गेली.

मी तरातरा हॉलवर गेले. “अण्णा, पुसा ते.”

“काय बाई, पुसायला फडकं नाही हॉलमध्ये.”

खरंच नव्हतं. नवं लिहायच्या आधी ते फळा बादलीभर पाणी ओतून धुवायचे, आणि तेही शुक्रवारीच. मी बादली शोधायला निघाले, तसे ते हलक्या आवाजात म्हणाले, “नसेल जमत तर राहू दे. मी किल्ल्या देऊन टाकतो सुभेदारांना. त्यात काय एवढं?” पण कमरेचा जुडगा त्यांनी मुठीत इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती. आणि ती खडूनं नव्हे.

मी पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी वर्तमानपत्रात गुंडाळून चौदा चित्रं नेऊन दिली. ती त्यांनी उघडलीसुद्धा नाहीत.

“बघा तरी.”

“नको. आधी बघितलं की जाहिरात करवत नाही.”

ठरलं असं होतं की हॉलच्या व्हरांड्यात भिंतीवर चित्रं लावायची. शनिवारीच साडेसहाला आत कुपवाडच्या कारखान्यातल्या कामगारांचं एक विनोदी नाटक होतं. येणारे लोक आधी चित्रं बघतील, मग नाटकाला बसतील. यात चुकण्यासारखं काही नव्हतं. पण माझ्या चित्रांचा मान म्हणून अण्णांनी शनिवारी दुपारी सगळा व्हरांडा चुन्यानं रंगवून घेतला! दोन हात दिले. मी पाच वाजता पोचले तेव्हा भिंतींवरून पाणी ओघळत होतं, आणि अण्णा वहाणा हातात घेऊन मधोमध उभे होते, सशासारखे पांढरे.

“वाळंल की ओ,” ते म्हणाले. पण त्यांनाही ते खरं वाटत नव्हतं.

इतक्यात आतून नाटकाचे नायक आले. कारखान्यात लेथ मशीन चालवायचे, नाटकात मुलीच्या बापाचं काम. त्यांनी भिंतीला बोट लावून बघितलं आणि पँटला पुसलं. “अण्णा, आमच्या शेटवर भिंत हाय की कोरडी. दिवाणखाना हाय न्हवं त्यो? तितं लावू. आमाला बी पूर्वजांच्या तसबिरी पायजेच हुत्या.”

अशा रीतीनं माझी माणसं एका खोट्या दिवाणखान्यात पूर्वज होऊन लटकली.

सहाच्या ठोक्याला सुभेदार आले. ओल्या भिंती बघितल्या. “प्रदर्शन कुठं आहे?”

“आत आहे,” अण्णा म्हणाले.

“आत नाटक आहे.”

“नाटकातच आहे.”

सुभेदारांनी खिशातलं घड्याळ काढलं. “प्रदर्शन म्हणजे माणसानं चित्रासमोर उभं राहून बघायचं. लांबून खुर्चीत बसून दिसतं ते नेपथ्य. नऊपर्यंत फळ्यावर आहे, नऊपर्यंत थांबतो. मग किल्ल्या घेऊन जातो.” आणि पहिल्या रांगेत मधोमध बसले, घड्याळ मांडीवर ठेवून.

पहिला अंक झाला. मी विंगेत उभी राहून घाम पुसत होते. अण्णा बाहेर फळ्यापाशी गेले नाहीत, हेच मला पहिल्यांदा विचित्र वाटलं. दुसऱ्या अंकात मुलगी बघण्याचा प्रवेश होता. मुलीचा बाप अस्वस्थ येरझाऱ्या घालतोय, आई पोहे करतेय, आणि बाप म्हणतो, “अजून कशी आली न्हाईत पावनी मंडळी?” हे वाक्य झालं की तिघं नट आत यायचे. वाक्य झालं मात्र, प्रेक्षकांतून अण्णा ताडकन उभे राहिले.

“आलो की ओ!” ते ओरडले, आणि सुभेदारांच्या दंडाला धरून स्टेजच्या पायऱ्या चढायला लागले. मागे वळून हात केला. “चला, सगळी चला! पहिली रांग आधी!”

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा वीसएक माणसं दिवाणखान्यात उभी होती. नाटकाचं पुस्तक धरून बसलेल्या माणसानं पुस्तक मिटून टाकलं. लेथवाले नट क्षणभरच गोंधळले. मग त्यांनी दोन्ही हात पसरले.

“आवं, या, या! लय मानसं आणलीसा की! सोयरिक करायची का गाव वसवायचं?”

हॉल हशानं दणाणला. मग काय विचारता! रांगच लागली. माणसं डावीकडून चढायची, माझी चित्रं बघत सरकायची, उजवीकडून उतरायची. पोहे तीन बशा होते, ते चमचा चमचा वाटले. एका आजींनी नवरीच्या कामातल्या बाईंची हनुवटी वर करून खरोखरच विचारलं, “सैपाक येतो का गं?” बाई लाजल्या; नाटकात नव्हत्या तेवढ्या लाजल्या. एक इसम तीनदा चढला, आणि तो चित्रांसाठी नव्हे तर पोह्यांसाठी येतोय हे तिसऱ्या वेळी लक्षात आलं. लेथवाले त्याला म्हणाले, “पावनं, तुमी मुलाकडचं का मुलीकडचं ते एकदा ठरवा!” ज्यांचं नाटकात काम होतं ते तिघे खरे पाहुणे विंगेत अडकून पडले होते. त्यांना आत यायला जागाच नव्हती.

आणि लोक वाचत होते. मोठ्यानं वाचत होते. ‘मुलगी झाली! हॅलो! ऐकू येतंय का, मुलगी!’ हे वाचून सगळे हसले. ‘अर्धा ट्रक म्हणालात, पाव ट्रक आलाय’ हे वाचून हळदीचे व्यापारी एकमेकांकडे बोट दाखवायला लागले. ‘मी कुठं रडतेय? सर्दी झालीय’ या चित्रापुढं एक बाई बराच वेळ थांबल्या, मग पदरानं नाक पुसून पुढं गेल्या. मी विंगेतल्या दोराला धरून हसत होते.

सुभेदार मात्र एका चित्रापाशी थांबले होते, आणि पुढं सरकत नव्हते. मागची रांग खोळंबली. ते चित्र एका माणसाचं होतं. तो दर रविवारी एका अडतीवरच्या फोनवरून साताऱ्याला कॉल लावायचा. आवाज इतका मऊ, इतका लहान की मी त्याला हडकुळा, मोठाल्या कानांचा, रिसिव्हर दोन्ही हातांनी धरलेला असा काढला होता. सुभेदारांनी खालचं वाक्य वाचलं. आधी मनात. मग त्यांच्या तोंडून ते निसटलं.

“आये, जेवलीस का?”

तोच आवाज! मी दोर सोडला. मिशांखालून, त्या सगळ्या भरदार देहातून, रविवारचा तो मऊ आवाज आला. संपलं, मला वाटलं. माझी नोकरी गेली, अण्णांच्या किल्ल्या गेल्या. सुभेदारांनी विंगेकडे बघितलं आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली. त्यांना कळलं होतं.

बिचाऱ्या लेथवाल्यांना वाटलं, मोठे पाहुणे आपलं वाक्य विसरलेत. ते हात जोडून पुढं झाले आणि नाटकातलंच विचारलं, “काय पावनं, पसंत हाय का?”

सुभेदारांनी पुन्हा चित्राकडं बघितलं. गालावरून हात फिरवला. एरवी ते पुस्तकातल्यासारखं बोलायचे.

“पसंत हाय,” ते म्हणाले. “लय पसंत हाय.”

मग ज्या टाळ्या पडल्या! पत्रे थरथरले. लेथवाले ओरडले, “ठरलं म्हना की!” आणि कुणीतरी पडदा पाडला, दुसऱ्या अंकाच्या मध्येच. तिसरा अंक झालाच नाही आणि कुणी मागितलाही नाही. सुभेदारांनी घड्याळ खिशात घातलं. किल्ल्यांचं नाव काढलं नाही. माझ्यापाशी येऊन फक्त एवढंच म्हणाले, “कान एवढे मोठे नाहीत माझे.” आणि पायऱ्या उतरून गेले.

हॉल रिकामा झाल्यावर मी चित्रं उतरवायला स्टेजवर गेले, तर अण्णा तिथं एकटेच होते. चष्मा कपाळावर चढवून चित्राच्या अगदी जवळ तोंड नेऊन बघत होते. एक झालं की दुसरं. चौदाही बघितली. मग ते माझ्याकडं न बघता म्हणाले, “बाई, बरं झालं मी आधी बघितली नाहीत.”

“का हो?”

“बघितली असती तर लिहायचं धाडस झालं नसतं. एवढं चांगलं काही आपल्या हॉलमध्ये होईल, असं मी कुठल्या तोंडानं लिहिणार होतो?”

मला रडू आलं. पाच वर्षं रोज शेकडो माणसं माझ्या कानात बोलत होती, आणि त्यांतलं एकही माणूस माझ्याशी बोलत नव्हतं. ते पहिलं वाक्य होतं जे फक्त माझ्यासाठी होतं. मी पदर डोळ्यांना लावून तिथल्याच खोट्या कोचावर बसले. अण्णांनी घाबरून इकडंतिकडं बघितलं, आणि नाटकातली एक बशी शोधून, तळाशी उरलेले चमचाभर पोहे माझ्या हातात दिले.